लीलावतीकार भास्कराचार्य

भारतवर्षात गणितशास्त्राची परंपरा फार प्राचीन आहे. आर्यभट, ब्रह्मगुप्त, श्रीधर अशा थोर पंडितांनी ती मोठ्या निष्ठेने जोपासली. याच परंपरेत इसवी सनाच्या बाराव्या शतकात एक असा पुरुष निर्माण झाला की, ज्याने गणितातील अत्यंत बिकट कोडी तर सोडविलीच. पण त्याबरोबरच गणित हे रुक्ष नसून रसाळ आहे, हे आपल्या शिष्यांना पटवून दिले. त्या पुरुषश्रेष्ठाचे नाव भास्कराचार्य. त्यांच्यापूर्वी, सातव्या शतकात, भास्कर नावाचे आणखी एक गणिती होऊन गेले होते. म्हणून यांना कित्येकदा दुसरे भास्कराचार्य असेही म्हणतात.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. आपले गोत्र शांडिल्य असून आपण सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जडविड नावाच्या नगरीचे रहिवासी आहोत, असे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. त्या नगरीत अनेक शास्त्रांचे जाणते विद्वान राहत असत. भास्कराचार्यांच्या घराण्यात तर विद्या पिढ्यान् पिढ्या नांदत होती. त्यांच्या एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते. त्यांच्याच चरणांशी बसून भास्कराचार्यांनी विद्या संपादन केली. पिता हाच गुरू आणि घर हीच शाळा, असा योग त्यांना लाभला.

त्या काळच्या शिक्षणाची रीत आजच्याहून अगदी वेगळी होती. छापलेली पुस्तके नव्हती. ग्रंथ हाताने लिहून काढावे लागत. त्यामुळे पोथ्या थोड्या आणि मोलाच्या असत. आकडेमोड करावयाची ती फळीवर धूळ पसरून. बोटाने किंवा काडीने त्या धुळीत अंक काढावयाचे आणि काम झाले की पुसून टाकावयाचे. अंकगणिताला पाटीगणित हे नाव पडले, ते या पाटीवरूनच. धुळीतले अंक तर पुसून जाणार. मग विद्या टिकावी कशी? त्यासाठी सारे नियम श्लोकांत गुंफलेले असत आणि विद्यार्थी ते मुखोद्गत करीत. परंतु श्लोक जितका आटोपशीर, तितका त्याचा अर्थ उमगावयास कठीण. नियम पाठ आहे, पण तो कोठे लावावा हे कळत नाही, अशी अवस्था शिकणाऱ्याची होऊ शके. पाठांतर आणि समज यांच्यामधील ही दरी भरून काढण्याचे कार्य भास्कराचार्यांच्या हातून घडावयाचे होते.

इ. स. ११५० मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. या ग्रंथाचे चार भाग आहेत. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात बीजगणित आणि उरलेल्या दोहोंत ज्योतिषशास्त्र आलेले आहे. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या पूर्वसूरींचे ग्रंथ फार विस्तृत असल्यामुळे त्यांतील सार काढून आपण शिष्यांच्या समाधानासाठी बीजगणित लिहिले, असे ते नम्रपणे सांगतात. एवढा मोठा पंडित लेखणी उचलतो, ती आपले पांडित्य मिरविण्यासाठी नव्हे, तर शिकणाऱ्याची वाट सुगम करण्यासाठी. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चारही भागांत लोकांच्या तोंडी सर्वांत अधिक बसला तो लीलावती हा भाग. लीलावती या शब्दाचा अर्थ क्रीडा करणारी, विलासवती. गणिताच्या पुस्तकाला असे नाव देण्यातच ग्रंथकाराची रसिकता दिसून येते. ग्रंथाच्या आरंभी गजाननाला वंदन आहे आणि त्यानंतर लगेच व्यवहारातील नाणी, वजने व मापे यांची कोष्टके आहेत. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क, असा त्या काळचा हिशेब होता. बाजारात कवडी मोजणाऱ्या बालकाला जे ठाऊक आहे, तेथूनच हा गणिताचा प्रवास सुरू होतो.

या कवड्यांवरचे एक मौजेचे उदाहरण लीलावतीत आहे. कोणा कृपण माणसाकडे एक याचक आला. कृपणाला दान तर द्यावयाचे, पण हात सैल सोडावयाचा नाही. म्हणून त्याने एका द्रम्माचा अर्धा घेतला. त्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्यांचे तीन चतुर्थांश, त्यांचा एक पंचमांश, त्याचा एक षोडशांश आणि त्याचाही एक चतुर्थांश, एवढे द्रव्य याचकाच्या हातावर ठेवले. तर त्याने किती कवड्या दिल्या? अपूर्णांकांची ही लांबलचक माळ ऐकून विद्यार्थ्याला वाटावे, दान मोठे असेल. पण गुणाकार केला की उत्तर येते, द्रम्माचा १२८० वा भाग. आणि कोष्टक पाहिले, तर एका द्रम्माच्या कवड्याही १२८० च होतात. म्हणजे त्या कृपणाने दिली ती अवघी एक कवडी! हसता हसता विद्यार्थी अपूर्णांकांचा गुणाकार शिकून जातो आणि कोष्टकही त्याच्या मनात कायमचे ठसते.

अशी उदाहरणे हे भास्कराचार्यांचे खरे वैभव होय. गणितातील शाब्दिक उदाहरण म्हटले की पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. शब्दांच्या गर्दीत संख्या कोठे दडल्या आहेत आणि विचारले आहे काय, हेच त्यांना उमगत नाही. भास्कराचार्यांनी ही अडचण ओळखली होती. म्हणून त्यांनी उदाहरणांसाठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे सहज उभे राहील असे विश्व निवडले. सरोवरे, कमळे, भ्रमर, हंस, मोर, वानर, देवपूजेची फुले आणि महाभारतातील वीर या साऱ्यांना त्यांनी गणिताच्या अंगणात बोलावून आणले.

भ्रमरांचे उदाहरण पाहा. एका भ्रमरसमूहाचा पाचवा भाग कदंबावर गेला. तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर गेला. या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट भ्रमर कुटजाकडे गेले. उरलेला एक भ्रमर एकाच वेळी केतकी आणि मालती या दोघींच्या सुगंधाने मोहित होऊन आकाशातच घुटमळत राहिला. तर एकूण भ्रमर किती? चित्र किती मनोहर आहे! परंतु ते केवळ शोभेसाठी नाही. एक पंचमांश आणि एक तृतीयांश मिळून समूहाचे पंधरापैकी आठ भाग होतात. त्या दोहोंतील अंतर पंधरापैकी दोन भाग. त्याची तिप्पट म्हणजे सहा भाग. एकूण चौदा भाग गेले आणि एक भाग उरला. तो एक भाग म्हणजेच तो घुटमळणारा भ्रमर. म्हणून समूहात १५ भ्रमर होते. दोन सुगंधांच्या ओढीत सापडलेला तो एकटा भ्रमर कवीला काव्याचा विषय वाटेल. गणितीला मात्र तोच साऱ्या उदाहरणाची किल्ली वाटतो. भास्कराचार्य कवीही होते आणि गणितीही होते. म्हणून त्यांच्या चित्रातील सौंदर्य आणि संख्या यांची फारकत होत नाही.

अशी उदाहरणे सोडविण्याची एक सोपी युक्तीही त्यांनी दिली आहे. तिला इष्टकर्म म्हणतात. एका भक्ताने कमळांच्या राशीतून तिसरा भाग शिवाला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरलेली ६ कमळे गुरुचरणी अर्पण केली. तर कमळे किती? येथे आपल्याला हवी ती सोयीची संख्या मनात धरावी. समजा, ६० धरली. मग २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ कमळे वाहिली गेली व उरली ३. पण उरावयास हवीत ६. म्हणजे धरलेली संख्या दुप्पट केली पाहिजे. म्हणून कमळे १२०. उत्तर ठाऊक नसताना अंदाजाने एक पाऊल टाकावे आणि त्या पावलावरून खरी वाट शोधावी, हे धैर्य या रीतीतून विद्यार्थ्याच्या अंगी येते.

भूमितीची उदाहरणेही अशीच जिवंत आहेत. चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेल्या एका सरोवरात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात दिसत होती. वाऱ्याच्या मंद झुळकीने ती हळूहळू कलली आणि मूळच्या जागेपासून २ हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? देठाचे मूळ जागचे हलत नाही आणि देठाची लांबीही बदलत नाही, एवढे ध्यानात आले की काटकोन त्रिकोण आपोआप नजरेसमोर उभा राहतो. पाण्याची खोली येते पावणेचार हात. दुसऱ्या एका उदाहरणात ९ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. साप बिळापासून २७ हातांवर असताना मोराची दृष्टी त्याच्यावर पडते आणि तो तिरपा झेप घेतो. दोघांची गती सारखीच आहे. तर बिळापासून किती हातांवर मोर सापाला गाठील? उत्तर आहे १२ हात. तोवर साप १५ हात चाललेला असतो आणि मोरही १५ हातच आलेला असतो. ९, १२ आणि १५ या बाजूंचा काटकोन त्रिकोण ज्याने या प्रसंगातून एकदा पाहिला, तो त्याला सहसा विसरणार नाही.

महाभारतातील युद्धप्रसंगही त्यांनी सोडला नाही. कर्णाशी लढताना अर्जुनाने भात्यातील अर्ध्या बाणांनी कर्णाचे बाण निवारले. एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी त्याचे घोडे मारले. ६ बाण शल्यावर टाकले. तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य छेदले आणि एका बाणाने कर्णाचे मस्तक उडविले. तर बाण किती? वर्गसमीकरणाचा हा प्रश्न आहे. पण तो सोडविणाऱ्याला आपण रणांगणावर उभे आहोत असे वाटते. उत्तर १०० बाण. ५०, ४०, ६, ३ आणि १ यांची बेरीज करून कोणीही ते पडताळून पाहावे.

लीलावतीनंतर येतो बीजगणित हा भाग. अज्ञात संख्येसाठी आज आपण अक्षर वापरतो. भास्कराचार्यांच्या काळी अज्ञात संख्येला यावत्तावत्, म्हणजे जितकी असेल तितकी, असे म्हणत. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या तर काळक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे योजीत आणि त्यांची आद्याक्षरे लिहून समीकरण मांडीत. काळ्या, निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत अज्ञात संख्या नटून आल्या म्हणजे त्यांची भीती ती कोठून वाटणार?

याही भागात व्यवहारातील माणसे भेटतात. एका गृहस्थाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुपयांचे ऋण आहे. घोडे सारख्याच किमतीचे असून दोघांची संपत्ती समान आहे. तर एका घोड्याची किंमत किती? दुसऱ्याजवळ ४ घोडे अधिक आहेत. मात्र रोख धन आणि ऋण लक्षात घेता तो ४०० रुपयांनी उणा आहे. म्हणून ४ घोड्यांची किंमत ४०० आणि एका घोड्याची १००. धन व ऋण संख्यांचा अवघड वाटणारा विषय एका सावकारी हिशेबाने असा उजळून निघतो.

भास्कराचार्यांची सचोटी दिसून येते ती वानरांच्या उदाहरणात. एका कळपाचा पाचवा भाग घ्यावा, त्यातून ३ वजा करावे आणि जे राहील त्याचा वर्ग करावा. तितके वानर गुहेत गेले व एक वानर फांदीवर बसलेला दिसला. तर कळप केवढा? समीकरण सोडविले असता दोन उत्तरे मिळतात, ५० आणि ५. आकडेमोडीच्या दृष्टीने दोन्ही बिनचूक आहेत. पण कळप ५ चा मानला, तर त्याचा पाचवा भाग १. त्यातून ३ कसे वजा करावयाचे? उणे दोन वानर कोणी पाहिले आहेत? म्हणून येथे ५ हे उत्तर घेऊ नये, प्रत्यक्ष व्यवहारात ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला आहे. वानरांच्याच दुसऱ्या एका उदाहरणात ४८ आणि १६ अशी दोन उत्तरे येतात. तेथे मात्र दोन्ही संभवतात म्हणून त्यांनी दोन्ही स्वीकारली आहेत. उत्तर मिळाले म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. ते उत्तर ज्या गोष्टीसाठी काढले, त्या गोष्टीला लागू पडते की नाही, हे पाहणे त्यांना तितकेच आवश्यक वाटले. गणिताने सत्याची चाड कशी बाळगावी, याचा हा धडा आहे.

मुलांना रुचतील अशी उदाहरणे लिहिणाऱ्या या आचार्यांची बुद्धी किती खोल होती, हे एकाच गोष्टीवरून कळून येईल. एखाद्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळावा, अशी संख्या कोणती? प्रश्न दिसतो लहान. पण त्याचे सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. आणि जो वर्ग मिळतो त्याचे मूळ आहे १,७६,६३,१९,०४९. चक्रवाल नावाच्या रीतीने भास्कराचार्यांनी हे उत्तर काढून दाखविले. फ्रान्समधील विख्यात गणिती फर्मा याने इ. स. १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून हाच प्रश्न घातला, तेव्हा भास्कराचार्यांचा ग्रंथ लिहून झाल्याला पाच शतके उलटली होती.

ज्योतिषशास्त्रातही त्यांचा अधिकार तेवढाच मोठा होता. ग्रहांची गती, ग्रहणे, पृथ्वीचा गोल आकार यांचे त्यांनी सविस्तर विवेचन केले. पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणशक्ती असून ती जड पदार्थांना आपल्याकडे ओढते, असे त्यांनी गोलाध्यायात लिहिले आहे. नुसती गणिते करणारा, पण गोलाचे मर्म न जाणणारा ज्योतिषी त्यांना तुपावाचून असलेल्या मेजवानीसारखा, राजावाचून असलेल्या राज्यासारखा निस्तेज वाटे. आपल्या श्लोकांवर त्यांनी स्वतःच गद्यात टीका लिहून नियमांमागील कारणे उलगडली. पुढे शके ११०५ मध्ये, म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. ग्रहगणित सुलभ रीतीने करता यावे, हाच याही ग्रंथाचा हेतू होता. तारुण्यात हाती घेतलेले व्रत वार्धक्यातही त्यांनी सोडले नाही.

लीलावती या नावाविषयी एक करुण आख्यायिका सांगतात. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिला विवाहसुख नाही, असे भविष्य होते. ते टळावे म्हणून पित्याने एक अचूक मुहूर्त शोधून काढला आणि वेळ मोजण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र ठेवले. कुतूहलाने लीलावती त्यात डोकावली, तोच तिच्या वस्त्रावरील एक मोती पात्रात पडला व त्याने तळाचे छिद्र बुजले. पाणी आत येईना, पात्र बुडेना आणि मुहूर्त निघून गेला. तेव्हा दुःखी कन्येचे सांत्वन करण्यासाठी, तुझे नाव चिरकाल राहील असा ग्रंथ मी लिहीन, असे वचन पित्याने दिले. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात कोठेही नाही. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी या कवीने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. म्हणून तिला इतिहास मानता येत नाही. ग्रंथात मात्र बाला, मृगाक्षी अशी प्रेमळ संबोधने वारंवार येतात. तसेच मित्र, वत्स हीही येतात. शिकणाऱ्याला जवळ बसवून मायेने प्रश्न विचारणारा गुरू त्यांतून आपल्याला स्पष्ट दिसतो. कथा खरी असो वा नसो, ते वात्सल्य खरे आहे.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही मोठे विद्वान होते. देवगिरीचा यादव राजा जैत्रपाल याने त्यांना आपल्या पदरी सन्मानाने ठेवून घेतले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. ज्ञानेश्वरांच्या कथेत येणारे योगी चांगदेव ते हे नव्हेत. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून या चांगदेवांनी पाटण येथे एक मठ स्थापन केला. हे पाटण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तेथील देवीच्या मंदिरात इ. स. १२०७ चा शिलालेख असून त्यात या घराण्याची वंशावळ आणि मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा वाटा आणि घाण्यामागे द्यावयाचे तेल यांची नोंद त्या काळच्या मराठीत आहे. गणिताची पाठशाळा चालावी म्हणून तेथील बाजारातील व्यापाराचा आणि घाण्यांचा हातभार लागत होता, हे वाचून मन भरून येते. मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इ. स. १८६५ मध्ये या शिलालेखाची माहिती प्रसिद्ध केली.

चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य लयास गेले. मठाचे वैभवही काळाच्या ओघात नाहीसे झाले. परंतु लीलावती लोपली नाही. पोथ्यांच्या नकला होत राहिल्या; ठिकठिकाणचे पंडित तिच्यावर टीका लिहीत राहिले. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ. स. १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून लीलावतीतील नियमांच्या उपपत्ती दिल्या. जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणित या दोहोंचे भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले. भारताने १९७९ आणि १९८१ साली अवकाशात सोडलेल्या दोन उपग्रहांना ‘भास्कर’ हे नाव देण्यात आले. आकाशातील ग्रहांची गणिते मांडणाऱ्या आचार्यांचे नाव अशा रीतीने आकाशातच फिरू लागले.

राज्ये गेली, मठ गेला, धुळीच्या पाटीवरील अंक तर त्याच दिवशी पुसले गेले. पण केतकी आणि मालती यांच्यामध्ये घुटमळणारा तो भ्रमर आजही विद्यार्थ्यांच्या मनात गुंजारव करीत आहे. बीजगणिताचे बीज अक्षरांत नसून माणसाच्या बुद्धीत आहे, असे भास्कराचार्य मानीत. ते बीज प्रत्येक बालकाच्या ठायी असते. त्याला प्रेमाचे पाणी घालून अंकुर फुटू द्यावा, यासाठी या महान गणितज्ञाने आपली सारी विद्वत्ता आणि सारे कवित्व वेचले. म्हणूनच आठ शतकांहून अधिक काळ लोटला तरी भास्कराचार्य आपल्याला दूरचे वाटत नाहीत. ते आपल्याशेजारी बसून एक नवे कोडे घालीत आहेत, असाच भास होतो.

स्वाध्याय

१. भास्कराचार्यांच्या काळची शिक्षणाची रीत आणि तीतील अडचण तुमच्या शब्दांत सांगा.
२. भ्रमरांच्या उदाहरणातील एकट्या भ्रमराला लेखकाने किल्ली का म्हटले आहे?
३. वानरांच्या उदाहरणात ५ हे उत्तर भास्कराचार्यांनी का स्वीकारले नाही? यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
४. पाटणच्या शिलालेखावरून कोणकोणती माहिती मिळते?
५. सपाट जमिनीवरील ३२ हात उंचीचा एक वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. वेळू किती उंचीवर मोडला, ते काढा. लीलावतीतील हे उदाहरण आहे.
६. तुमच्या गावातील बाजार, शेत किंवा जत्रा यांवर आधारलेले एक शाब्दिक उदाहरण तयार करा. त्याचे उत्तर प्रत्यक्षात संभवते की नाही, हेही पडताळून पाहा.